खोक्यावर ‘लिनक्स’ लिहिलंय, पण आत काय आहे? खान्देशात बसून लिनक्सवाला लॅपटॉप घेण्याची रीत

मागच्या जूनमध्ये साडूंचा फोन आला. “साडूभाऊ, पोराला लॅपटॉप घेतला. तुम्ही नेहमी सांगतात तसा लिनक्सवाला. पण चालू केला की काळा पडदा येतो, वर कोपऱ्यात सी, दोन टिंबं, एक तिरकी रेघ, आणि पुढे काहीच नाही. बिघडेल आला का?”

बिघडेल नव्हता. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी लॅपटॉप चालवणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. यात ती नव्हती, फ्रीडॉस नावाची, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची जुन्या धाटणीची सिस्टिम होती. दुकानाच्या हिशोबात ‘विंडोज नाही’ म्हणजे ‘लिनक्स आहे’. परत नेला तर काउंटरवरच्या पोराने शांतपणे सांगितलं, “हाऊ लिनक्सवालाच शे भो. पाचसे रुपया द्या, इंडोज टाकी देसूत.” पाचशे रुपयांत पडणारं विंडोज कुठल्या घरचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, लिनक्स तर फुकट मिळतं, कुठल्याही लॅपटॉपवर टाकता येतं, मग कंपनीने टाकून दिलेलाच कशाला शोधायचा? कारण पैसे लिनक्सचे नसतात, तपासणीचे असतात. वायफाय लागतं का, झाकण बंद करून उघडलं की मशीन जागं होतं का, माइक, कॅमेरा, प्रोजेक्टर चालतो का, हे कारखान्यात कोणीतरी त्याच मॉडेलवर बघितलेलं असतं. पुण्यातल्या माणसाला याचं तितकंसं नाही, चूक झाली तर तो संध्याकाळी दुकानात जाऊन बदलून आणतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या माणसाला एका वायफाय कार्डापायी दोन दिवस आणि एसटीचं भाडं मोजावं लागतं. म्हणून आपल्याकडे ही तपासणी आयती मिळत असेल तर घ्यावी, नसेल तर स्वतः करावी. कशी, ते खाली लिहितो.

आधी घरातल्या कामांची यादी

लॅपटॉप बघायच्या आधी कागद घ्या आणि त्यावर काय काय करायचं ते लिहा. पायथन, जावा, सी, वेबसाइट, ऑनलाइन वर्ग, पीडीएफ, मराठी-इंग्रजी टायपिंग, बँक, रेल्वेचं तिकीट, या सगळ्याला लिनक्स पुरतं. टॅलीवर जमाखर्च असेल, श्रीलिपीत पत्रिका नि बॅनर करत असाल, कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा ऑटोकॅड रोजचं असेल, तर ती सगळी विंडोजची कामं आहेत. जुगाड करून त्यातली काही चालवता येतात, पण मार्चअखेरीला जुगाड दगा देतो. अशा घरात लिनक्सवाला लॅपटॉप दुसरा म्हणून घ्या, पहिला म्हणून नको.

डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ते देणाऱ्याकडे त्याच टोकनाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला ते टोकन ओळखता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, आधी मागा. मिळाला तर पुढे सरका.

प्रिंटर कोणता आहे तेही त्याच कागदावर लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप नावाच्या सॉफ्टवेअरमुळे सुरळीत चालतात. लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलना मात्र वर एक जोड-फाइल डाउनलोड करावी लागते, कारण त्या प्रिंटरला दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, द्यावं लागतं. जुना कॅनन एलबीपी २९०० असेल तर खटपटीची तयारी ठेवा. तो कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो, इतर लेझर प्रिंटरांसारखी सर्रास चालणारी नव्हे.

एकच शब्द, चार अर्थ

‘विदाउट विंडोज’ लॅपटॉप बाजारात चार प्रकारचा असतो, आणि चौघांनाही लिनक्सच म्हणतात.

पहिला खरा. कंपनीने कारखान्यातच उबंटू किंवा फेडोरा, हे लिनक्सचेच प्रकार, टाकलेलं असतं, ड्रायव्हर बसवलेले असतात, हमीच्या काळात कंपनी ते सांभाळते.

दुसरा फ्रीडॉसचा. जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ मध्ये जुन्या एमएस-डॉसला मोफत पर्याय म्हणून हा प्रकल्प सुरू केला. प्रकल्प चांगला आहे, पण नव्या लॅपटॉपमध्ये तो नुसता खुर्ची अडवायला बसवलेला असतो. त्यावर ब्राउझर उघडत नाही. हे मशीन लिनक्सवर तपासलेलं असेलच असं नाही.

तिसरा नावापुरता लिनक्स. एसरच्या काही मॉडेलांत लिनपस, असुसच्या काहींत एंडलेस ओएस येत असे. ग्राहक घरी जाऊन ते पुसणारच, हे धरून चालल्यासारखं.

चौथा दुकानदाराने स्वतः टाकलेलं उबंटू. त्यात वाईट काही नाही, पण ती हमी दुकानदाराची झाली, कंपनीची नव्हे. आणि पासवर्ड बहुतेक वेळा दुकानाच्याच नावाचा असतो.

म्हणून दुकानात ‘लिनक्स आहे का’ असं विचारूच नका. ‘कारखान्यातून कोणतं ऑपरेटिंग सिस्टिम येतं, आणि खोक्यावर ते कुठे छापलंय ते दाखवा’ असं विचारा.

कोण विकतं

डेलचा यातला अनुभव जुना. २००७ मध्ये अमेरिकेत त्यांनी ग्राहकांसाठी उबंटूवाले संगणक काढले, आणि २०१२ मध्ये प्रोजेक्ट स्पुटनिक सुरू करून त्याच वर्षी प्रोग्रॅमरांसाठी एक्सपीएस १३ बाजारात आणला. भारतात व्होस्ट्रो, लॅटिट्यूड, प्रिसिजन या मालिकांमध्ये उबंटू दिसत आलं आहे. २०२५ पासून डेलने नावं बदलून डेल प्रो, डेल प्रो मॅक्स असं केलंय, त्यामुळे जुन्या नावाने शोधून नवं मॉडेल सापडत नाही म्हणून गोंधळू नका.

लेनोव्होने २०२० मध्ये थिंकपॅडच्या पी मालिकेला उबंटू आणि रेड हॅट (कंपन्यांसाठीचं लिनक्स) यांसाठी प्रमाणित करण्याची घोषणा केली, आणि त्याच वर्षी एक्स१ कार्बनवर फेडोरा टाकून द्यायला सुरुवात केली. एचपीकडे झेडबुकसारख्या महागड्या वर्कस्टेशनांत हा पर्याय असतो. स्वस्त मॉडेलांत फ्रीडॉसच जास्त.

परदेशात फक्त लिनक्सचेच लॅपटॉप करणाऱ्या कंपन्या आहेत: अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टिम७६, जर्मनीत आउग्सबुर्गची टक्सेडो, ब्रिटनची स्टार लॅब्ज, स्पेनची स्लिमबुक. त्यांची छायाचित्रं बघून जीव हलतो, माझाही हलला होता. वैयक्तिक वापरासाठी एक लॅपटॉप कुरिअरने मागवायला आयात परवाना लागत नाही, पण कर भरावाच लागतो, आणि कीबोर्डचं एक बटण निघालं तर मशीन समुद्रापार पाठवायचं. भडगाव-पाचोऱ्यात राहणाऱ्याने हा नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत.

आणखी एक आतली गोष्ट. खरे उबंटूवाले लॅपटॉप शोरूमच्या काचेत क्वचित दिसतात, कारण ते ऑफिसला विकायच्या मालिकेतले असतात. जळगाव, धुळ्यात कॉलेजांना, पतसंस्थांना, बँकांना संगणक पुरवणारे डीलर आहेत, ते बहुधा पहिल्या मजल्यावर बसतात आणि पाटी छोटी असते. त्यांच्याकडून लेखी कोटेशन मागा. एक नग ते घेऊन देतात, थोडे दिवस लागतात. तुमचा धंदा असेल आणि जीएसटी क्रमांक असेल तर लॅपटॉपवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही बिलावर नंबर टाकूनच मिळतं.

कोटेशन आलं की मॉडेलचा पूर्ण क्रमांक वाचा

‘आय फाइव्ह, सोळा जीबी’ हे मॉडेल नव्हे. एकाच नावाखाली दहा प्रकार असतात, त्यातल्या एकात उबंटू, दुसऱ्यात फ्रीडॉस, तिसऱ्यात विंडोज. वायफाय कार्डसुद्धा वेगळं असू शकतं. शेवटच्या अक्षरांपर्यंतचा क्रमांक घ्या.

एचपीत शेवटची दोन अक्षरं बोलकी असतात: टी म्हणजे इंटेल, ए म्हणजे एएमडी, यू म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एक्स म्हणजे आहे. लिनक्ससाठी मी बिनदिक्कत यू घ्यायला सांगतो. इंटेल आणि एएमडीचं अंगचं ग्राफिक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, बसलेल्या ड्रायव्हरवर चालतं. एनव्हिडियाचं कार्ड चालतं, पण त्याचा ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट (मशीन चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवावा लागतो आणि पुढच्या वेळी मशीन चालू होताना निळ्या पडद्यावर तोच द्यायचा असतो. लोक घाबरून पुढे जातात आणि मग ‘ग्राफिक कार्ड चालत नाही’ म्हणून फोन करतात.

हा क्रमांक घेऊन उबंटूच्या प्रमाणित हार्डवेअरच्या यादीत शोधा. यादीत नाव दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, खालची ओळ वाचा. काही मॉडेलांपुढे असं लिहिलेलं असतं की ते कंपनीने खास तयार केलेल्या उबंटूसहच प्रमाणित आहे, साधं डाउनलोड केलेलं उबंटू त्यावर नीट चालेलच असं नाही. म्हणजे त्याच मॉडेलचा विंडोजवाला नग स्वस्तात घेऊन घरी उबंटू टाकण्याचा बेत इथे फसू शकतो.

वायफाय इंटेलचं असेल तर डोळे झाकून घ्या. रियलटेक नि मीडियाटेकची जुनी कार्डं ठीक चालतात, अगदी नव्यांना नवं कर्नल लागतं. काही नव्या इंटेल लॅपटॉपांचे कॅमेरे वेगळ्या पद्धतीने जोडलेले असतात, ते लिनक्सवर त्रास देतात. ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षकाने कॅमेरा स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला तर नफा समजायचा.

खिशात पेनड्राइव्ह घेऊन दुकानात

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर उबंटूची दीर्घकाळ चालणारी आवृत्ती एचर किंवा रुफस या सॉफ्टवेअरने उतरवा. ही आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघते, २२.०४, २४.०४ अशी, आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. बरेच जण व्हेंटॉय नावाच्या सॉफ्टवेअरने एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच लिनक्स घेऊन फिरतात, मीही फिरतो, पण दुकानात ते नेऊ नका. सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या मशीनवर त्याचा निळा पडदा येतो, आणि दुकानदाराला वाटतं तुम्ही व्हायरस टाकला.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मी भाच्यासाठी लॅपटॉप बघायला गेलो होतो, दुपारी दोनची वेळ, कूलरसमोर मालक. पेनड्राइव्ह काढला तसा ते म्हणाले, “बापू, सील फोडू पण तुम्ही घ्याल ना?” रास्त प्रश्न आहे. मी सांगितलं, “या चार गोष्टी चालल्या तर आत्ता पैसे देतो, नाही चालल्या तर दुसरं मॉडेल दाखवा, ते घेतो.” असा शब्द दिला की बहुतेक दुकानदार तयार होतात. डेमोचा नग असेल तर मग प्रश्नच नाही, फक्त तो त्याच पूर्ण क्रमांकाचा आहे हे बघा.

मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होत एफ १२, एचपीत एफ ९, असुसमध्ये एस्केप दाबत राहायचं. एसरमध्ये एफ १२ चालतं, पण आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडा, आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा. डिस्कला हात लागत नाही, हे मालकाला मोठ्याने सांगा.

मग स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करून वायफाय जोडा. दुकानाचं वायफाय नको, त्यांचा पासवर्ड विचारण्यातच वेळ जातो. एखादा व्हिडिओ लावा, आवाज स्पीकरमधून आणि मग हेडफोनमधून ऐका. कॅमेरा उघडा. प्रकाश कमी-जास्त करायची बटणं दाबा. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा. दुकानातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून बघा, कॉलेजातला सेमिनार त्यावरच अवलंबून असतो.

आणि शेवटी झाकण बंद करा. इथे घाई करायची नाही. मालकाने मागवलेला चहा येऊ द्या, तो प्या, दहा मिनिटं गप्पा मारा. मग झाकण उघडा. पडदा लगेच उजळला, वायफाय आपोआप जोडलं गेलं, तर मशीन पास. पडदा काळाच राहिला आणि पंखा फिरत राहिला, तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. बाकी सगळ्या खोड्यांवर उतारा सापडतो, झोपलेलं मशीन जागं न होण्यावर सहसा सापडत नाही. त्या दिवशी पहिला लॅपटॉप इथेच नापास झाला, दुसरा घेतला. चहा दोनदा झाला.

कारखान्यातून उबंटू आलेलं असेल तर पेनड्राइव्हची गरज नाही, पण पहिली सुरुवात, म्हणजे नाव, भाषा, पासवर्ड, दुकानातल्या पोराला करू देऊ नका. स्वतः करा. सेटिंग्जच्या शेवटच्या पानावर आवृत्ती दिसते. ती एखादी पायरी जुनी असेल तर हरकत नाही.

बिल आणि हमी

बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक, सिरीयल नंबर आणि ‘उबंटू, कारखान्यातून’ हे शब्द लिहून घ्या. डेल असेल तर खालच्या बाजूला सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, तो कंपनीच्या सपोर्टच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कुठल्या सामानासह निघालं त्याची यादी दिसते, ऑपरेटिंग सिस्टिमसह. पैसे देण्याआधी तिथेच मोबाइलवर बघा. खोट्याला पाय नसतात, आणि इथे तर पाच मिनिटंही लागत नाहीत.

हमी घरी येऊन दुरुस्त करण्याची आहे का आपण घेऊन जाण्याची, हे विचारा. ‘ऑनसाइट’ म्हणाले तर पुढचा प्रश्न: माझ्या पिनकोडला का? चोपडा, यावल, साक्री, शहादा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. कंपनीच्या फोनवर पिनकोड सांगून खात्री करा.

ऑनलाइन मागवत असाल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात खोक्यावरचं लेबल आणि चालू झाल्यावरचा पहिला पडदा दोन्ही दिसू द्या. ‘उबंटू’ म्हणून फ्रीडॉस आलं तर हाच पुरावा. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

घरी आणल्यावर पहिली संध्याकाळ

लगेच फॉरमॅट मारून आवडीचं दुसरं लिनक्स टाकायची हौस आवरा. आधी रिकव्हरीचा पेनड्राइव्ह करून कपाटात ठेवा. मग टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून त्यात uname -r असं टाइप करा. उत्तरात ओईएम ही अक्षरं असतील तर कंपनीसाठी खास केलेलं कर्नल चालू आहे. दुसरं लिनक्स टाकल्यावर हेच जातं, आणि मग झोप-जाग, माइक यांच्या तक्रारी सुरू होतात.

सगळे अपडेट घ्या. डेल, लेनोव्हो, एचपी आपल्या बऱ्याच मॉडेलांचं बायोससुद्धा लिनक्समधूनच अपडेट करू देतात, उबंटूत त्यासाठी फर्मवेअर अपडेटर आहे. फक्त त्या वेळी चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. आपल्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणलाही आधी कळत नाही. अर्ध्यात बायोस थांबलं तर मशीनची वीट होते.

मग मराठी. आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका, लॉगआउट होऊन परत या, सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, आणि ज्यांची बोटं जुन्या सवयीची आहेत त्यांच्यासाठी गमभनही आहे. विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. लिब्रेऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’साठी मराठी निवडा, नाहीतर मराठी शब्दांखाली लाल रेघा येऊ शकतात. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या फाइली उघडल्या तर अगम्य अक्षरं दिसतील. त्या बिघडलेल्या नाहीत, युनिकोड नसलेल्या आहेत, कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात.

मे महिना आणि सर्व्हिसचा फोन

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवून चालवाल तर लिनक्स काय नि विंडोज काय, पंखा किंचाळणारच. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत पॉवर मोड ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘पॉवर सेव्हर’वर ठेवा, खाली लाकडी पाट घ्या. सतत चार्जरवर असेल तर बायोसमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा.

बिघाड झाला आणि सर्व्हिसला फोन लावला तर पलीकडचा माणूस हमखास म्हणतो, “सर, आधी विंडोज टाकून बघा.” वाद घालत बसू नका. डेलमध्ये एफ १२ च्या यादीत डायग्नोस्टिक्स असतं, एचपीत चालू होताना एफ २. ही चाचणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाहेर चालते, डिस्कवर काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. दोष सापडला की ती एक कोड देते. तो मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि फोनवर कोडच वाचून दाखवा. विंडोजचा विषय पुन्हा निघत नाही.

फ्रीडॉसवाला गळ्यात पडलाच असेल तर

साडूंच्या पोराचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण असे बरेच जण असतील. वर दिलेली पेनड्राइव्हची परीक्षा आम्ही चोपड्याला ओट्यावर बसून घेतली. वायफाय जुन्या २२.०४ वर दिसेना, २४.०४ वर दिसलं, कर्नल नवं म्हणून. इन्स्टॉल करायला गेलो तर डिस्कच दिसेना. हे इंटेलच्या मशीनांत होतं, बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी नावाची सोय चालू असते, ती बंद करून एएचसीआय ठेवलं की डिस्क समोर येते. विंडोज असलेल्या मशीनवर हे परस्पर करू नका, ते चालू होणं थांबेल. फ्रीडॉसवर गमावण्यासारखं काही नाही. भरीत-भाकरी होईपर्यंत उबंटू बसलं होतं. पोरगं आता त्यावर जावा शिकतंय. पाचशे रुपये वाचले. बोटाच्या ठशाचा सेन्सर मात्र अजून मुकाच आहे, आणि साडू दर भेटीत त्याची आठवण काढतात.